न वाजणारी भांडी

घरातून चालणाऱ्या कामात गट कसा घडतो, कुठे अडतो आणि त्याची झळ प्रकृतीला कशी लागते

वाचकहो, आपल्या घरातही अशी एखादी खोली असेल, जिचे दार सकाळी दहाला लागते आणि रात्री उशिरा उघडते. आत मुलगा, सून, जावई किंवा कदाचित आपण स्वतः लॅपटॉपसमोर बसलेले असता. बाहेर ऐकू येतात ती अर्धवट वाक्ये : ‘माझा आवाज येतोय का?’, ‘मी स्क्रीन शेअर करते’. घरच्यांना वाटते, हा माणूस एकटा बसून काम करतो आहे. वस्तुतः तो एका गटात बसलेला असतो. गटातील दोघे पुण्यात, एक जण बंगळुरूला, एक पोलंडमध्ये आणि वरिष्ठ टेक्ससमध्ये, ही मांडणी आता नवलाची राहिलेली नाही. या गटालाही स्वभाव असतो, मानपान असतो, रुसवेफुगवे असतात. ते घरच्यांना दिसत नाहीत आणि पुष्कळदा खुद्द त्या माणसालाही धड दिसत नाहीत.

जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरकडे ‘माझे टीममध्ये जमत नाही’ ही तक्रार घेऊन कोणी येत नाही. तक्रार असते ती आम्लपित्ताची, आखडलेल्या मानेची, पहाटे तीनला उडणाऱ्या झोपेची, रविवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या डोकेदुखीची. तपासण्या करून घ्याव्यात, तर अहवाल बहुधा ठीक येतात. मग दोष स्क्रीनवर, खुर्चीवर किंवा कामाच्या तासांवर टाकला जातो. यात तथ्य आहेच. परंतु गेल्या काही वर्षांत अशा रुग्णांशी बोलताना मला वारंवार जाणवले की, कामाच्या ओझ्याइतकाच त्रास एका न विचारलेल्या प्रश्नाचाही असतो : ‘या माणसांत माझे स्थान काय?’ कार्यालयात या प्रश्नाचे उत्तर दिवसभर थोडे थोडे मिळत राहते. दूरस्थ कामात ते आपोआप मिळत नाही. मिळण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागते.

गटाच्या पायऱ्या

चार भांडी एकत्र आली की वाजणारच, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली जवळपास हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. लहान गटांविषयी तोवर प्रसिद्ध झालेले अभ्यास त्यांनी एकत्र वाचले. डॉक्टर म्हणून मला विशेष वाटते ते हे की, त्यांतील पुष्कळसे अभ्यास मानसोपचारासाठी एकत्र बसवलेल्या रुग्णांच्या गटांचे होते. टकमन यांना गटाच्या वाटचालीत चार पायऱ्या दिसल्या. मराठीत त्यांना जमणे, जुंपणे, जुळणे आणि साधणे असे म्हणता येईल. प्रथम माणसे जपून वागतात. मग मतभेद उफाळतात. त्यांतून वागण्याच्या रीती ठरतात. आणि त्यानंतर खरे काम होऊ लागते. १९७७ साली मेरी ॲन जेन्सन यांच्यासह त्यांनी पाचवी पायरी जोडली, ती म्हणजे पांगणे.

प्रत्येक गट या पायऱ्या शिस्तीने चढतो असे नाही. तरी नकाशा म्हणून ही मांडणी उपयोगी आहे. पडद्यावर भेटणाऱ्या गटालाही याच वाटेने जावे लागते. पण प्रत्येक पायरीवर त्याची अडचण निराळी असते.

जमणे : उसना विश्वास

नवी सून घरात येते तेव्हा तिला कोणी नियमांची वही देत नाही. सासूबाई चहात आले कधी घालतात, सासऱ्यांशी कोणत्या वेळी बोलू नये, कोणाचा शब्द अखेरचा, हे ती स्वयंपाकघरात वावरता वावरता पाहून शिकते. कार्यालयात नवा माणूसही असाच शिकतो. दूरस्थ टीममध्ये हे स्वयंपाकघरच नसते. मीटिंग सुरू होते, कामाचे बोलणे होते, चौकटी बंद होतात. मीटिंगच्या आधीची आणि नंतरची पाच मिनिटे, ज्यांत माणूस माणसाला कळतो, तीच गळून पडतात.

असे असूनही विश्वास मुळीच बसत नाही, असे नाही. सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लेडनर या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांचे, एकमेकांना कधीही न भेटलेले गट अभ्यासले. काही गटांत विश्वास पहिल्या निरोपांतच दिसू लागला. हा ‘झटपट विश्वास’ आपल्या ओळखीचा आहे. भूल देणारे डॉक्टर, शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि परिचारिका पहिल्यांदाच भेटत असल्या तरी काम अडत नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या भूमिकेवर विसंबतो. परंतु हा विश्वास उसना असतो. तो कृतीने फेडावा लागतो. ज्या गटांत निरोप नियमित येत, उत्तरे अपेक्षित वेळी मिळत आणि कोणी ना कोणी पुढाकार घेई, तेथे तो टिकला. जेथे निरोप अनियमित होते, तेथे तो विरला.

जुंपणे : आवाज न होणारे भांडण

एका छताखाली काम करणाऱ्यांची जुंपली, तर ती दिसते. आवाज चढतो, कोणी उठून जातो, दुपारी कोणी तरी चहा पाजून समेट घडवतो. दूरस्थ टीममध्ये भांडी वाजत नाहीत. तेथे कॅमेरे बंद होतात. उत्तरे एका शब्दाची होतात. ग्रुपवर न लिहिता दोघांत खासगी निरोप सुरू होतात. वरवर सारे शांत असते आणि व्यवस्थापकाला वाटते, टीम उत्तम चालली आहे.

गैरसमजाला येथे दोन वाटा असतात. पहिली वाट लिखित शब्दाची. २००५ साली जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमेलवर प्रयोग केले. आपला उपरोध किंवा गांभीर्य वाचणाऱ्याला नेमके कळेल, अशी लिहिणाऱ्याची खात्री असे. प्रत्यक्षात वाचणाऱ्याला ते त्याहून पुष्कळ कमी वेळा कळे. लिहिताना आपल्या कानात आपलाच स्वर वाजत असतो. वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो. ‘बघू’ हा एकच शब्द घ्या. समोरासमोर त्याचा अर्थ चेहऱ्यावरून कळतो. रात्री साडेदहाला वरिष्ठांकडून आलेला ‘बघू’ मात्र झोप उडवू शकतो.

दुसरी वाट मौनाची. कॅथरीन क्रॅम्टन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दूरदूरच्या गटांतील मौनाचे कितीतरी अर्थ नोंदले : मला मान्य आहे, मला मुळीच मान्य नाही, मी गावाला गेलो आहे, माझे यंत्र बंद पडले आहे, निरोप माझ्या नजरेतून सुटला. पाठवणाऱ्याला यांतील काहीच दिसत नाही. मग परिस्थितीचा दोष माणसाच्या माथी मारला जातो. वीज गेलेला सहकारी ‘बेजबाबदार’ ठरतो.

एक उदाहरण सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तावीस वर्षांची एक तरुणी आली. दोन महिन्यांत वजन चार किलोने घटलेले, रात्री झोप नाही, छातीत धडधड. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी सारे ठीक. नव्या नोकरीला सात महिने झाले होते आणि टीममधील एकालाही ती प्रत्यक्ष भेटलेली नव्हती. बोलता बोलता कळले की, मध्यंतरी तिने कामाची पद्धत सुधारण्याविषयी एक सविस्तर सूचना ग्रुपवर लिहिली होती. नऊ जणांनी ती वाचली. उत्तर कोणीही दिले नाही. त्या दिवसापासून मीटिंगमध्ये तिने तोंड उघडले नव्हते.

“मी आगाऊपणा केला असं सगळ्यांना वाटतंय, डॉक्टर,” ती म्हणाली.

“तसं कोणी म्हणालं का?”

“नाही. कोणी काहीच म्हणालं नाही.”

औषधाबरोबर मी तिला एक काम सांगितले. त्या नऊ जणांपैकी जिच्याशी बोलणे त्यातल्या त्यात सोपे, अशा एकीला फोन करायचा आणि सूचनेविषयी थेट विचारायचे. पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा चेहरा निवळला होता. सूचना आली त्या आठवड्यात तिच्या व्यवस्थापकाची आई रुग्णालयात होती. बाकीच्यांनी व्यवस्थापक उत्तर देतील असे गृहीत धरले होते. फोनवरच्या सहकारिणीने तर त्यातील एक भाग वापरायलाही सुरुवात केली होती. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ साली प्रयोगांतून दाखवले होते की, मदतीची हाक जितक्या अधिक लोकांच्या कानी पडते, तितकी एकेकाची उठण्याची शक्यता घटते. ग्रुपवरच्या निरोपांचेही तसेच होते. नऊ जणांना मिळून विचारलेला प्रश्न कोणालाच आपला वाटत नाही.

जुळणे : बोलण्याची मुभा

टीम जुळते म्हणजे सर्वांचे एकमत होते असे नव्हे. मतभेद, शंका आणि चूक उघडपणे बोलता येऊ लागते, हे जुळण्याचे खरे लक्षण. एमी एडमंडसन यांचे संशोधन येथे उद्बोधक आहे. त्यांनी रुग्णालयांतील कक्षांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीमच्या कक्षात चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. खोलात गेल्यावर उलगडा झाला : त्या कक्षांत चुका अधिक होत होत्या असे दिसत नव्हते, तर त्या लपवल्या जात नव्हत्या. पुढे १९९९ साली त्यांनी गटातील या निर्भयतेला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणून मांडले.

दूरस्थ कामात ही निर्भयता सहजी येत नाही. लिहिलेला शब्द कायम राहतो, मीटिंगचे रेकॉर्डिंग होते आणि नावापुढचा हिरवा ठिपका माणूस जागेवर आहे की नाही याची चुगली करतो. जेवताना फोनवर बोट फिरवून तो ठिपका हिरवा ठेवणारे तरुण मला ठाऊक आहेत. अशा मनःस्थितीत कोणी शंका विचारत नाही.

काही जण कार्यालयात आणि काही जण घरी, अशा मिश्र टीममध्ये आणखी एक भेग पडते. पाच जण एका टेबलाभोवती, दोघे पडद्यावर. मीटिंग संपते, लॅपटॉप मिटतो, पाच जण चहाला जातात आणि खरा निर्णय टपरीवर होतो. पडद्यावरच्या दोघांना तो दुसऱ्या दिवशी कळतो. हे मुद्दाम कोणी करत नाही. पण गटात गट पडतो. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतील आपल्या अमेरिकेतील ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या संवादाची पाहणी केली, तेव्हाही घरून काम सुरू झाल्यावर माणसांची संपर्काची जाळी अधिक बंदिस्त झाल्याचे आढळले. आपल्या टीमशी बोलणे टिकले, पलीकडच्यांशी घटले.

एक आशादायक गोष्टही सांगायला हवी. कॉनी गर्सिक यांनी १९८८ साली आठ कार्यगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाला एका आठवड्याची मुदत होती, कोणाला सहा महिन्यांची. पहिल्याच बैठकीत पडलेली रीत बराच काळ चालू राहिली. मात्र मुदतीच्या सुमारे निम्म्या वाटेवर जवळजवळ प्रत्येक गटाने जुनी घडी मोडून नवी बसवली. म्हणजे सुरुवात बिघडली तरी सारे संपत नाही. अर्ध्या वाटेवर ‘आपले काय जमते, काय जमत नाही’ एवढ्याच विषयासाठी तासभर बसावे, हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

शरीराचे गणित

आपल्या मज्जासंस्थेला स्पष्ट संकटापेक्षा अनिश्चितता सोसणे पुष्कळदा अवघड जाते. आपल्याविषयी गटाचे मत काय आहे हे कळेनासे झाले, की शरीर सावध अवस्थेत राहते. ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके आपले काम करतात : नाडी जलद चालते, स्नायू ताणलेले राहतात, पचन बिघडते, झोप उथळ होते. थोडा वेळ हे उपयुक्त असते. महिनोन्महिने चालले तर त्याचीच व्याधी होते.

त्यात पडद्याची भर पडते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची चार कारणे मांडली : अनेक चेहऱ्यांची अगदी जवळून सतत रोखलेली नजर, स्वतःचाच चेहरा दिवसभर पाहणे, एका जागी जखडून बसणे, आणि हावभाव समजण्यासाठी व समजावण्यासाठी पडणारे जादा कष्ट. यांतील एक उपाय आजच करता येईल : मीटिंगमध्ये स्वतःची चौकट आपल्यापुरती लपवून ठेवावी.

वेळेचे गणित याहून कठीण. उन्हाळ्यात टेक्ससमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि आपल्याकडे तीच मीटिंग रात्री साडेआठला येते. म्हणजे नेमकी घराच्या जेवणाच्या वेळी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. आपल्या घरातील माणसाचे आठवड्याचे तास एकदा कागदावर मांडून पाहावेत.

टीमने काय करावे

आपण टीमचे प्रमुख असाल वा साधे सदस्य, पुढील गोष्टींना खर्च नाही.

• पहिल्या आठवड्यातच ठरवावे : कोण केव्हा उपलब्ध, तातडीचा निरोप कोठे द्यायचा, उत्तर किती वेळात अपेक्षित.

• ‘पाहिले, उद्या सांगतो’ एवढे तरी लिहावे. मौनाला अर्थ लावण्याची पाळी समोरच्यावर आणू नये.

• ग्रुपवर प्रश्न विचारताना नाव घेऊन विचारावा.

• दोन निरोपांत वाद मिटला नाही, तर तिसरा लिहू नये, फोन करावा.

• एक जण जरी पडद्यावर असेल, तरी शक्यतो सर्वांनी आपापल्या लॅपटॉपवरून मीटिंगला बसावे, आणि चहाच्या टपरीवर ठरलेले ग्रुपवर लिहावे.

• गैरसोयीची वेळ नेहमी एकाच देशाच्या वाट्याला येऊ नये. पाळीपाळीने वाटून घ्यावी.

• नव्या माणसासाठी पहिले तीन महिने एक सोबती नेमावा, ज्याला काहीही विचारायला संकोच वाटणार नाही.

• शक्य असेल तर एकदा तरी प्रत्यक्ष भेटावे.

घराने काय करावे

‘घरीच तर आहेस, जरा दळण घेऊन ये,’ हे वाक्य प्रेमाचे असते. पण ऐकणाऱ्याला ते ‘तुझे काम हे काम नव्हे’ असे ऐकू येऊ शकते. कामाच्या वेळा घरात सर्वांना ठाऊक असाव्यात आणि त्या संपण्याचीही एक ठरलेली वेळ असावी. कार्यालयातून घरी येण्याचा प्रवास मनाला एका जगातून दुसऱ्या जगात आणत असे. तो आता उरलेला नाही. त्याची जागा वीस मिनिटांच्या चालण्याने भरून काढता येते. सोबत घरातील कोणी गेले तर अधिक चांगले.

संध्याकाळी ‘काम झालं का?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणाशी बोललास?’ असे विचारून पाहा. टीममधील माणसांची नावे, गावे, सवयी घरात बोलल्या जाऊ लागल्या की समजावे, गट आकार घेतो आहे. सहा महिने उलटून गेल्यावरही एकही नाव निघत नसेल, किंवा प्रत्येक नावाबरोबर कपाळाला आठी पडत असेल, तर अधिक विचारपूस करावी. सल्ला देण्याची घाई मात्र करू नये. प्रथम ऐकून घ्यावे.

पांगण्याच्या वेळीही घराची गरज असते. कार्यालयात निरोप समारंभ होतो, पेढे वाटले जातात, पाठीवर थाप पडते. दूरस्थ कामात प्रकल्प संपतो तेव्हा मीटिंगचे आमंत्रण येणे थांबते, एवढेच. नोकरी गेली तर एखाद्या सकाळी पासवर्ड चालेनासा होतो आणि लॅपटॉप नेण्यासाठी कुरिअरचा माणूस येतो. दोन वर्षे ज्यांच्याशी रोज बोलणे झाले, त्यांचा साधा निरोपही घेता येत नाही. हे दुःख बाहेर दिसत नाही, म्हणून ते नसते असे समजू नये. ‘दुसरी मिळेल’ हे खरे असले, तरी ते चार दिवसांनी सांगावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

प्रत्येक थकवा मनाचा नसतो. रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी करून घ्यावी. छातीत दुखणे, दम लागणे, हातापायातील बळ अचानक जाणे किंवा बोलताना जीभ अडखळणे यांना ‘ताण’ म्हणून घरी बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. झोप, भूक किंवा उत्साह दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपलेला असेल, कामावर बसण्याच्या विचारानेच धडधड होत असेल, झोपेसाठी गोळी किंवा मद्य लागू लागले असेल, तर भेटीला उशीर करू नये. जगणे नकोसे वाटते असे कोणी एकदा जरी म्हणाले, तरी ते गांभीर्याने घ्यावे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो दिवसरात्र चालू असतो. तेथे मराठीतही बोलता येते.

आणि एक लहानसे काम आजच करा. आपल्या टीममध्ये असा एक जण आठवा, जो पूर्वी बोलत असे आणि अलीकडे गप्प झाला आहे. त्याला ग्रुपवर विचारू नका. फोन करा, कामाचे काहीही न काढता ‘कसा आहेस?’ एवढे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.